प्रशासकीय रात्र

सांत फोर्तुन्यात नगरपालिकेच्या पर्यटन कक्षात मी एकवीस वर्षं नोकरी करतो आहे. एवढ्या काळात मी लिहिलेलं फक्त एक वाक्य कुणीतरी खरोखर वाचलं. पुढे जे घडलं ते त्यामुळे घडलं.

वाक्य निरुपद्रवी होतं. 'आमच्या गावी या आणि संस्कृती व रात्रजीवन, दोन्हींचा आनंद घ्या.' स्पेनच्या मायोर्का बेटावर ज्या ज्या गावाला समुद्र लागला आहे, त्या प्रत्येक गावाच्या माहितीपत्रकात हे वाक्य असतं. ते वाचण्यासाठी नसतं. सूर्यास्ताच्या फोटोखाली जागा रिकामी दिसू नये म्हणून असतं. पण मेच्या चौदा तारखेला वरच्या खात्याचं पत्र आलं. खात्यात नवे साहेब आले होते आणि त्यांची वाचायची सवय अजून सुटली नव्हती. 'दोन्हींचा' या शब्दाबद्दल आकडेवारीसह पुरावा ऑगस्टअखेर सादर करावा, अन्यथा गावाचा 'समतोल पर्यटनस्थळ' हा दर्जा काढून घेण्यात येईल, असं त्यात म्हटलं होतं.

आकडेवारी माझ्याकडे होतीच. रात्रजीवनाच्या रकान्यात 'वेडा ऑक्टोपस' हा डिस्को: गेल्या मोसमात एक्क्याण्णव हजार पाहुणे. संस्कृतीच्या रकान्यात दोरखंड संग्रहालय: अकरा पाहुणे, पैकी चौघांनी स्वच्छतागृहाची चौकशी केली. राहता राहिलं चढणीवरचं संताचं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. तिथे पाहुणा कधी फिरकत नसे. दर गुरुवारी संध्याकाळी नऊ म्हाताऱ्या तिथे जमून ग्रामसंताच्या उत्सवातल्या गाण्याची तालीम करत. गाणं चौतीस कडव्यांचं आहे आणि ते कुणी कधी लिहून ठेवलेलं नाही. नऊ जणींपैकी एकीलाही ते सलग येत नाही. एक अडली की दुसरी उचलते, असं करत नऊ जणींत मिळून ते पूर्ण होतं. या मंडळाची म्होरकी म्हणजे माग्दालेना बिबिलोनी, वय एक्क्याऐंशी. ती माझी आई.

नगराध्यक्षा रोकाबाईंनी मला बोलावून घेतलं.

"बिबिलोनी, 'दोन्हींचा' हा शब्द तुमचा?"

"हो, मॅडम."

"'किंवा' लिहायला काय झालं होतं?"

"'किंवा' म्हटलं की पाहुणा विचारात पडतो, मॅडम."

"आता आपण पडलोय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मला एकसदस्य समतोल समितीचं अध्यक्षपद दिलं. उपाध्यक्षाची जागा रिकामी ठेवण्यात आली, मतभेदाला वाव राहावा म्हणून.

समितीची पहिली बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. मी ठराव मांडला, मीच अनुमोदन दिलं. एक जूनपासून 'वेड्या ऑक्टोपस'मध्ये शिरू इच्छिणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने त्याच दिवशी संस्कृती अनुभवल्याचा शिक्का दाखवणं बंधनकारक करण्यात आलं.

दोरखंड संग्रहालयाचा रखवालदार लोरेन्स अठरा वर्षं तिथे निर्वेध झोपत होता. एक जूनला सकाळी दहा वाजता त्याने दार उघडलं, तर बाहेर चारशे माणसं पोहण्याच्या कपड्यांत उभी. त्याने दार परत लावलं आणि मला फोन केला.

"तोफोल, कुठे बोट बुडालीय का रे?"

"नाही. पाहुणे आहेत."

"कुणाचे?"

"आपले. संस्कृतीसाठी आलेत."

मग तो हळूच म्हणाला, "तोफोल, त्यांना कुणीतरी सांगा रे, की आत नुसते दोर आहेत."

पण पाहुण्यांची तक्रार नव्हती. एका दाराने आत जायचं, दोर बघायचे, दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं. बाहेर पडताना तोंडी परीक्षा ठेवली होती. "काय अनुभवलंत?" असं लोरेन्स विचारी. "दोर," एवढं उत्तर आलं की उत्तीर्ण. काही हुशार पाहुणे "जाड दोर" म्हणत, त्यांना तो उठून नमस्कार करी.

अडचण आली ती शिक्क्याची. पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसल्यामुळे पाहुण्यांची शिक्क्याची कार्डं हरवू लागली. म्हणून शिक्का अंगावर मारायचा ठरलं. मग तो समुद्रात धुऊन जाऊ लागला. पाण्यात उतरलेल्या माणसाची संस्कृती कायम राहते का, यावर मी वकिलांचं मत मागवलं. मत येईपर्यंत मोसम संपला असता, म्हणून मेंढ्यांवर खूण करायची न पुसणारी शाई उचलली. ती मात्र चांगली निघाली. जूनअखेर बर्मिंगहॅमहून एका आईचं पत्र आलं: आमच्या मुलाच्या कपाळावर हे निळं काय आहे आणि ते कधी जाईल? पहिल्या प्रश्नाला मी 'संस्कृती' असं उत्तर दिलं. दुसऱ्याला, 'निश्चित सांगता येत नाही.'

आकडे सुधारत होते. मी खुशीत होतो. अशात एके दुपारी 'वेड्या ऑक्टोपस'चा मालक बिएल पोन्स माझ्या टेबलासमोर येऊन बसला. आम्ही एका बाकावर शिकलो आहोत. शाळेत तो माझी गणितं उतरवून काढायचा आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवायचा.

"तोफोल, तू माझं वाटोळं केलंस. लोक माझ्याकडे शुद्धीत यायला लागलेत."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं? तीन तास रांगेत उभे राहतात, दोर बघतात, उतरते सगळी. शुद्धीतला माणूस आत आला की आधी आजूबाजूला बघतो. माझा डिस्को बघण्यासारखा नाहीये रे!"

त्याने एक जाडजूड कागद पुढे सरकवला. त्याच्या वकिलाचा अर्ज होता. युक्तिवाद असा: रात्रजीवनासाठी संस्कृतीची अट असेल, तर समानतेच्या तत्त्वानुसार संस्कृतीसाठी रात्रजीवनाची अट असायला हवी. अन्यथा तो एका व्यवसायावर अन्याय होतो. मी अर्ज रोकाबाईंकडे नेला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

"तर्काला धरून आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, म्हणूनच भीती वाटते."

"भीतीसाठी वेगळा अर्ज करा."

सात जुलैला दुरुस्ती अंमलात आली. सांस्कृतिक शिक्क्याशिवाय डिस्कोत प्रवेश नाही, आणि डिस्कोच्या शिक्क्याशिवाय सांस्कृतिक स्थळी प्रवेश नाही. परिणामी त्या दिवशी सकाळपासून गावात कुणालाच कुठेच जाता येईना. अडीच हजार पाहुणे बंदराच्या कठड्यावर पाण्यात पाय सोडून बसून राहिले. कुणी कलिंगड कापलं, कुणी तोंडओळख नसलेल्याला अर्धी फोड दिली. दोन दिवस लोक समुद्राकडे बघत गप्पा मारत होते. गावात कुणीही कशाचाही आनंद घेत नव्हतं आणि सगळे अत्यंत खुशीत दिसत होते. परिस्थिती गंभीर होती.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या टेबलावरून 'प्रारंभिक शिक्का' सुरू केला. 'धारकाने अद्याप काहीही अनुभवलेलं नाही, तथापि अनुभवल्याचं समजण्यात यावं.' कठडा तासाभरात रिकामा झाला.

आणि मग गुरुवार आला.

चॅपेल हे द्वितीय श्रेणीचं सांस्कृतिक स्थळ. तिथे शिक्के तपासायला माणूस हवा, आणि कक्षात मी एकटाच. संध्याकाळी सहाला मी दारात स्टूल टाकून बसलो. चढण चढून नऊ काळे झगे वर आले. सगळ्यांत पुढे आई, हातात पंखा.

"सरक," आई म्हणाली.

"आई, शिक्का."

"कसला?"

"रात्रजीवनाचा. त्याशिवाय आत सोडता येत नाही."

"मेल्या, तुझ्या पायी दोन वर्षं माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ते काय दिवसजीवन होतं?"

"त्याची नोंद नाही, आई."

मागून शेजारच्या प्राक्सेदिसबाई पुढे झाल्या. त्यांना कमी ऐकू येतं. "काय म्हणतोय गं तुझा मुलगा?"

"म्हणतोय, आधी रात्रभर उंडारून या, मग संताचं गाणं म्हणा!" आई त्यांच्या कानात ओरडली.

प्राक्सेदिसबाईंनी क्षणभर विचार केला. "बरं. काय घालून जायचं?"

आईने पंखा फटकन मिटला आणि ती उतरण उतरू लागली. मागोमाग आठ जणी.

स्थानिक रहिवासी म्हणून सूट देता आली असती, हे मला ठाऊक होतं. पण पोटकलम तीननुसार स्थानिकांच्या रोजच्या वापरातलं स्थळ 'घरगुती' ठरतं आणि संस्कृतीच्या यादीतून गळतं. चॅपेल गळलं की गावाच्या संस्कृतीत नुसते दोर उरणार. हे मी त्या रात्री जेवताना आईला समजावून सांगितलं. तिने सूप स्वतःपुरतं वाढून घेतलं.

"आई, मला?"

"भुकेचा शिक्का आहे?"

मी ब्रेडला टोमॅटो चोळून, वर तेल ओतून खाल्लं. ती खिडकीशी जाऊन बसली. थोड्या वेळाने तिचं गुणगुणणं ऐकू आलं. दहा-बारा कडवी झाली, मग ती अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडली. उचलायला दुसरी कुणी नव्हती. उत्सव होता सव्वीस ऑगस्टला. तिसरा गुरुवार बुडाला तेव्हा ती अडत होती सातव्या कडव्याशी. ती माझ्याशी भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त बोटांवर कडवी मोजायची, आणि मोजता मोजता मध्येच थांबायची.

मी दोन रात्री नियम चाळले. नियम मोडायचा नव्हता. तसं मी कधी केलेलं नाही. नियमाला थोडं सरकवायचं होतं. 'वेडा ऑक्टोपस' उघडतो रात्री अकराला, आणि या बायका झोपतात नऊला. बायकांना रात्रीपर्यंत नेता येत नसेल तर रात्रीला बायकांपर्यंत आणता येईल का? नियमावलीत 'रात्र' या शब्दाची व्याख्याच केलेली नव्हती. मी ती केली. परिशिष्ट ड: साठ वर्षांवरील नागरिकांच्या प्रयोजनार्थ दुपारी चार ते सात हा काळ रात्र समजण्यात यावा.

प्रशासकीय रात्र म्हटली की सगळंच आलं. चार वाजता भर उन्हात रस्त्यावरचे दिवे लागू लागले. पावाचं दुकान बंद होऊ लागलं. पोलीस शिपाई घाम पुसत येणाऱ्या-जाणाऱ्याला "शुभ रात्री" म्हणू लागला. बिएलने खिडक्यांना काळे पडदे लावले. फक्त कुत्र्यांपर्यंत परिपत्रक पोहोचलं नसावं, ती सरळ सावलीत झोपून राहिली.

पहिल्या रात्री, म्हणजे दुपारी, मी नऊ जणींना घेऊन गेलो. दारातला पहिलवान त्यांना बघून आपोआप उभा राहिला. आत निळा अंधार होता. जमिनीतून धडधड येत होती. सगळ्या जणी भिंतीला लावलेल्या कोचावर ओळीने बसल्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मला वाटलं, दहा मिनिटं बसतील, शिक्का घेतील, जातील.

प्राक्सेदिसबाई एकाएकी उठल्या.

"माग्दालेना!" त्या म्हणाल्या. "माग्दालेना, मला ऐकू येतंय!"

"काय?"

"गाणं! वीस वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी नीट ऐकू येतंय गं!"

त्यांनी आईचा हात धरला आणि ओढत मधोमध नेलं. उत्सवात ठेका धरतात तसा त्यांनी धरला, दोन पावलं पुढे, एक मागे, हात वर. बाकीच्या सात जणी पर्स कोचावर ठेवून उठल्या. बिएल धावत आला, त्याला वाटलं कुणी पडलं. आईने त्याच्या हातातला पेला घेतला. बडीशेपेची हिरवी दारू होती. तिने घोट घेतला आणि जीभ टाळ्याला लावून बघितली.

"बिएल, तू पाणी घालतोस यात."

"सगळेच घालतात, मावशी."

"तुझी आई घालायची नाही. आण दुसरी. आणि तो आवाज वाढव, प्राक्सेदिसला धडधड कानात लागते पण शब्द नीट कळत नाहीयेत."

"शब्द नाहीयेत त्यात, मावशी."

"मग नुसता ठेका लागू दे तिला. अरे, वाढव तरी!"

सात वाजता सकाळ झाली. नऊ जणी घामाघूम होऊन बाहेर पडल्या, मनगटावर शिक्के, आणि सरळ चढण चढून चॅपेलात गेल्या. मी दारात स्टुलावर बसलो होतो. आतून गाण्याचा आवाज आला, चौतीसच्या चौतीस कडवी, कुठेही न अडता. मी ती नोंदवहीत नोंदवली नाहीत. नऊ पाहुणे एवढंच नोंदवलं. पण त्या रात्री माझ्या ताटात सूप पडलं, आणि आई जेवता जेवता खांदे हलवत होती.

इथेच सगळं थांबलं असतं तर मी ही हकीकत सांगितली नसती.

वेल्समधून एक नवरदेव आला होता. नाव एम्रिस. लग्नाआधीची मौज करायला आठ मित्रांनी त्याला आणलं होतं आणि त्यांच्या चालीप्रमाणे त्याला नवरीचा पांढरा झगा घातला होता. दोरखंडाची रांग लांब होती म्हणून हे नऊ जण शिक्क्यासाठी चॅपेलात आले. आत नऊ म्हाताऱ्या गात होत्या; बुडालेले गुरुवार भरून काढायला तालीम आता रोज होती. वेल्शांचं एक आहे: कुणी गात असलं की त्यांना राहवत नाही. पहिली दोन कडवी ते उभे राहिले. तिसऱ्याला झग्यातल्या एम्रिसने खालच्या पट्टीत सूर लावला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

आई थांबली. "हा कोण?"

"नवरा आहे, आई. लग्नाआधीचा."

"नवरी दिसतोय. गातो मात्र नवऱ्यासारखा. ए, तू! परत म्हण!"

एम्रिसला आमची भाषा येत नव्हती, पण आईला नाही म्हणायची भाषा कुणालाच येत नाही. ते आठवडाभर रोज आले. इतर पाहुण्यांना कळलं तसे तेही येऊ लागले. चॅपेल भरू लागलं. म्हाताऱ्या नऊला झोपायला जात, आणि मागे वेल्श, डॅनिश आणि एक अख्खी जर्मन बस रात्री दोनपर्यंत संताचं गाणं गात बसे, अर्थ न समजता, बाटल्या फिरवत. शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केली. पोलिसांनी पंचनामा केला आणि चॅपेलचं वर्गीकरण 'रात्रजीवन' असं केलं.

उलट बाजूला, दुपारच्या रात्री 'वेड्या ऑक्टोपस'मध्ये नऊ काळे झगे नाचतात ही बातमी पसरली. पाहुणे काळ्या पडद्यांमागे रांगा लावून उभे राहू लागले. डिस्कोत आता कुणी नाचत नव्हतं, सगळे कुजबुजत बघत होते. कुणी वहीत चित्रं काढी. एका बाईंनी आईला विचारलं, हे नृत्य किती शतकं जुनं आहे? "मंगळवारपासून," आई म्हणाली. बाईंनी ते लिहून घेतलं. खात्याचे तज्ज्ञ येऊन गेले आणि त्यांनी 'वेड्या ऑक्टोपस'ला प्रथम श्रेणीच्या सांस्कृतिक स्थळाचा दर्जा दिला.

बिएल माझ्याकडे आला तेव्हा रडकुंडीला आला होता. "तोफोल, माझ्याकडे लोक चपला काढून येतायत रे!"

मी सगळी आकडेवारी जुळवली. रात्रजीवन पन्नास टक्के, संस्कृती पन्नास टक्के. कोणता आकडा कुठल्या दारातून आला हे रकान्यात विचारलेलं नव्हतं. वीस ऑगस्टला खात्याचं अभिनंदनपत्र आलं. बेटावर असा अचूक समतोल कुठेच साधला गेला नव्हता. रोकाबाईंनी मला बोलावून माझ्याशी हस्तांदोलन केलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. महिनाअखेरची अंतिम आकडेवारी गेली की दर्जा पक्का होणार होता.

मग आईने विचारलं, "उत्सवाचं गाणं दुपारी बाराला आहे. चॅपेल कधी उघडतोस?"

मी नियम बघितला. चॅपेल आता रात्रजीवन होतं. रात्रजीवनाला रात्री अकराच्या आत उघडायची परवानगी नाही. प्रशासकीय रात्र चारला सुरू होते. दुपारी बारा वाजता, कोणत्याही परिशिष्टानुसार, ते दार उघडता येत नव्हतं. आणि संताचं गाणं बाराच्या घंटेला झालं पाहिजे, हा त्याहून जुना नियम.

"आई," मी म्हणालो, "एक सांस्कृतिक स्थळ बारा वाजता उघडं असतं."

सव्वीस ऑगस्टला आम्ही संताची मूर्ती खांद्यावर घेऊन 'वेड्या ऑक्टोपस'मध्ये नेली. ती दारातून जाईना म्हणून पहिलवानाने दार उचकटून बाजूला ठेवलं. पडदे काढलेले होते. दिवसाच्या उजेडात ती जागा म्हणजे खरोखरच बघण्यासारखी नव्हती, भिंतींचे पोपडे निघालेले, जमीन चिकट. मूर्ती दारूच्या फळीवर ठेवली. सगळं गाव आलं. रोकाबाई आल्या, लोरेन्स चक्क जागा होता. पाहुणे आले, किती ते सांगतो म्हटलं तरी सांगता येणार नाही. एम्रिसही आला होता, लग्न उरकून हनिमूनला. तालीम बुडू नये म्हणून त्याने बायकोला आठवडाभर रोज गाडीत गाणं शिकवलं होतं.

मी दारात शिक्का घेऊन उभा होतो. बाराची घंटा झाली आणि आई गाऊ लागली.

यंत्रं बंद होती. नऊ बायकांचे आवाज होते, थकलेले, एकमेकींना धरून चालल्यासारखे. प्राक्सेदिसबाईंना काही ऐकू येत नव्हतं, त्या आईच्या ओठांकडे बघत गात होत्या. विसाव्या कडव्यानंतर आईला दम लागला. ती थांबली, छातीशी हात नेला. दुसरीने उचलायला हवं होतं, पण सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. मी पुढे झालो. तेवढ्यात मागून तो खालचा सूर आला. एम्रिस, त्याची बायको, मग डेन्मार्कची पोरं, मग कोण कोण. एका शब्दाचा अर्थ माहीत नसलेली ती माणसं एकेक शब्द नेमका उच्चारत कडव्यामागून कडवं पुढे नेत होती, आणि आई खुर्चीवर बसून, डोळे मिटून, बोटांनी मोजत होती. चौतिसावं तिने स्वतः म्हटलं. मी तिच्यासोबत म्हटलं. मला ते येतं हे मला माहीत नव्हतं.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी फोन वर धरलेला मला दिसला नाही. बहुधा विसरले. लोक थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग बदामाचं आइस्क्रीम खायला बाहेर पडले.

संध्याकाळी कार्यालयात नोंदवही उघडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी दिवसभरात एकही शिक्का मारला नव्हता. शाईची डबी उघडलेलीसुद्धा नव्हती. नियमानुसार रकाना भरावा लागतो. मी भरला: सव्वीस ऑगस्ट, संस्कृती शून्य, रात्रजीवन शून्य.

मोसमातल्या सगळ्यांत गर्दीच्या दिवशी शून्य आल्यामुळे वरच्या खात्याने खुलासा मागवला. मी खोटं लिहिलं नाही. 'सदर दिवशी सगळे तिथेच होते, त्यामुळे नोंद घ्यायला कुणी उरलं नाही,' असं लिहिलं. खुलासा असमाधानकारक ठरला. गावाचा दर्जा गेला, माझी समिती बरखास्त झाली, आणि रोकाबाई आता माझ्याशी फक्त लेखी बोलतात.

"किती माणसं धरलीस रे त्या दिवशी?" आईने सूप वाढताना विचारलं.

"शून्य."

"बरं केलंस," ती म्हणाली. "गर्दीत मला गाता येत नाही."

आता तुम्ही हसाल. म्हणाल, कसली ही नगरपालिका, शिक्का मारला नाही तर घडलेलं घडलंच नाही म्हणते. कबूल आहे. मग मला तुम्ही मागच्या सुटीत डोळे भरून पाहिलेली, पण फोटो न काढलेली आणि कुणालाही न पाठवलेली एक तरी गोष्ट सांगा. सावकाश आठवा, घाई नाही. कार्यालय दुपारी दोनपर्यंत उघडं असतं.